मुठ्यांवरचा शोधनिबंध

मुठा म्हणजे शेताच्या बांधात बीळ करून राहणारा खेकडा. आमच्या खालापूरकडे तो सगळ्यांनी खाल्लेला, पण त्याच्यावर धड कोणी लिहिलेलं नव्हतं. मी लिहायला घेतलं आणि त्यात माझ्या उमेदीची नऊ-दहा वर्षं गेली. त्यातून काही निघालं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच आशा धरू नये.

सत्तरच्या आसपास मी आमच्याच भागातल्या एका नव्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले. लग्न होऊन कर्जतला आले होते. पती प्राथमिक शाळेत शिक्षक होते. माहेर खालापूर तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून दोन मैल आत. छप्पनच्या धर्मांतरानंतर माझ्या वडिलांनी घरातले देव नदीत सोडले आणि त्याच महिन्यात मला हायस्कुलात घातलं. त्यांच्या लेखी ही दोन्ही कामं एकच होती. मी एम.एस्सी. झालेली बघायला ते राहिले नाहीत. आई होती. गावात कोणी विचारलं तर ती सांगायची, "पोरगी पोफेसर हाय." त्यापुढे तिला काही सांगता यायचं नाही आणि सांगायची गरजही वाटायची नाही.

पीएच.डी.साठी मी मुंबईच्या एका प्राध्यापकांकडे नाव नोंदवलं. महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जायचे. माणूस सरळ होता, पण घाईत असायचा. टेबलाच्या कडेला उभं राहूनच बोलणं उरकायचं. मी मुठ्यांचा विषय काढला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"उन्हाळ्यात ते करतात काय?" त्यांनी विचारलं.

"पुस्तकात एकच ओळ आहे सर. बिळात सुप्तावस्थेत जातात म्हणून."

"आणि तसं नाही?"

"माद्या सुप्त नसतात. पोटाखाली पिलं घेऊन बसलेल्या असतात. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत असून काय उपयोग," सर म्हणाले. "मोजा, लिहा, आणि तिकडच्या जर्नलला पाठवा. इथे छापलेलं कोणी वाचत नाही."

'तिकडचं' म्हणजे इंग्लंडातलं एक जर्नल. त्याचे जुने अंक मी त्यांच्या ग्रंथालयात पाहिले होते. जाड गुळगुळीत कागद, सुबक आकृत्या. तेव्हापासून मला माझा लेख त्याच कागदावर दिसायला लागला.

मोजायचं म्हणजे बिळं खणायची, आणि चैत्र-वैशाखात आमच्या बांधांची माती दगडासारखी होते. ते काम मला एकटीने जमणारं नव्हतं. माझ्या माहेराजवळच्या कातकरवाडीत एक बाई होत्या, पन्नाशीच्या, अंगाने काटकुळ्या. लहानपणापासून मी त्यांना मावशी म्हणायचे आणि त्या मला बाय म्हणायच्या. पहार घेऊन मुठे काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. बिळाच्या तोंडाशी वाकून त्या नुसती माती बघायच्या आणि सांगायच्या, "ह्यात नाय. ह्यात हाय, पण लहान हाय." पहिल्या महिन्यात मी त्यांचं बोलणं पडताळायला रिकामी म्हटलेली बिळंही खणून घेतली. सगळी रिकामीच निघाली. मग मी पडताळणं सोडलं.

काही बिळांची तोंडं मातीच्या गोळ्याने आतून लिंपलेली असायची, अंगठ्याने सारवल्यासारखी. त्यांच्याजवळ मावशी थांबायच्या नाहीत.

"हे का नाही?" मी विचारलं.

"बाळंतीण हाय ती. तिला आमी काढत नाय."

"मला तीच पाहिजे, मावशी."

त्यांनी पहार जमिनीला टेकवली. "खायला पायजे का?"

"नाही. बघायला. किती खोल आहे, आत ओल किती आहे. बघून परत ठेवू."

"परत ठेवून ती ऱ्हायाची नाय गं," त्या म्हणाल्या. पण त्यांनी पहार लावली.

त्यांचं खरं निघालं. उघडून पुन्हा बंद केलेल्या बिळातली मादी दुसऱ्या दिवशी पिलं टाकून निघून गेलेली असायची, किंवा तिथेच मेलेली. चार उन्हाळे मी हे केलं. माहेरच्या वावराच्या बांधावर आणि शेजारच्या तीन बांधांवर. वेताच्या काडीने खोली मोजायची, दोरीला बांधून थर्मामीटर आत सोडायचा, निळ्या रसायनाचा कागद आत धरून तो किती वेळात गुलाबी होतो ते घड्याळात बघायचं. ओल असली की तो लवकर गुलाबी होतो. सगळ्या बिळांत एक गोष्ट दिसत गेली. पिलंवाल्या मादीचं बीळ इतरांपेक्षा खोल जातं, ओलीपर्यंत पोचतं, आणि मादी रोज आतून त्याचं तोंड लिंपत राहते; न खणलेल्या बिळांच्या तोंडाला रोज सकाळी ताजी ओली माती दिसायची. ती झोपलेली नसते. पिलं वाळू नयेत म्हणून ती पूर्ण उन्हाळा राबत असते. हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

आईला मात्र माझं बांधावर बसणं बघवत नव्हतं. भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन, गुडघ्यापर्यंत मातीत बरबटलेली तिची प्रोफेसर मुलगी येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसायची. एकदा तिने भाकरी आणून दिली आणि तिथेच बसली.

"आमी मुठे खाल्ले ते पोटाला नव्हतं म्हणून," ती म्हणाली. "तुजा बाप म्हनायचा, पोरीच्या हाताला चिखूल लागू देयाचा नाय. आन तू शिकून सवरून हेच करतेस."

"हे काम आहे, आई. हे छापून आलं की परदेशात वाचतील."

"काय वाचतील?"

"मुठ्यांचं."

ती उठली. भाकरीचं फडकं झटकून घडी करून निघून गेली. मी तिला समजावू शकले असते असं आजही वाटत नाही.

लेख लिहायला वर्ष गेलं. माझं इंग्रजी परीक्षेपुरतं होतं. एकेक वाक्य मी जर्नलच्या जुन्या अंकांतल्या वाक्यांवर बेतून लिहायचे. टाईप करून घ्यायला कर्जतमध्ये कचेरीबाहेर बसणारा एकच बरा माणूस होता, आणि त्याचा जन्म प्रतिज्ञापत्रं टाईप करण्यात गेला होता. त्याने माझ्या लेखात जिथे जिथे खेकडा आला तिथे 'सदरहू खेकडा' अशा अर्थाचं कायद्याचं इंग्रजी घातलं. मला वाटलं, असंच लिहीत असतील. सरांनी ते पाहून सगळं पुन्हा टाईप करायला लावलं. शेवटी आभाराच्या चार ओळी होत्या. त्यात मी मावशींचं नाव घातलं होतं आणि बिळं ओळखण्याची रीत त्यांची आहे असं लिहिलं होतं. सरांनी त्यावर पेन्सिलीने रेघ मारली.

"मजुरांचे आभार मानत नाहीत."

"त्या मजूर नाहीत, सर. त्यांनीच..."

"परीक्षक विचारतील, रीत कोणाची, आधार काय. उगाच अडचण. 'स्थानिक साहाय्य' म्हणा."

मी तसं म्हटलं. त्या वेळी मला ते लहानसं वाटलं. लेख एकदा छापून येऊ दे, मग बघू, असं मी बऱ्याच गोष्टींबद्दल म्हणत होते.

लेख बोटीने गेला. सात महिन्यांनी उत्तर आलं. पाकिटावर राणीचं तिकीट बघून कॉलेजचा शिपाई ते वर्गातच घेऊन आला. लेख नाकारला नव्हता. दोन परीक्षकांची मतं होती. पहिल्याने लिहिलं होतं की अलीकडचं लिखाण वाचलेलं दिसत नाही, आणि खाली सात-आठ लेखांची यादी दिली होती. त्यातला एकही अंक मुंबईत कुठे मिळाला नाही. मी लेखकांना पत्रं टाकली. दोघांनी आपले लेख पाठवले, बाकीच्यांकडून काही आलं नाही. दुसऱ्याचं म्हणणं होतं की खेकड्याची जात तिकडच्या संग्रहालयातल्या तज्ज्ञाकडून निश्चित करून घ्यावी. ते काही मला अवघड वाटलं नाही. घरी येऊन पतींना सांगितलं, त्यांनी शेजारच्यांना सांगितलं, आणि आठवडाभर आम्ही छापून आल्यासारखेच वागलो.

पोस्टात स्पिरिटची बाटली घेत नव्हते. मी खेकडे निथळून, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या तीन थरांत बांधून पत्र्याच्या डब्यातून पाठवले. अर्ध्या वर्षाने तज्ज्ञांचं पत्र आलं. मोठ्या सभ्य भाषेत त्यांनी कळवलं होतं की पाठवलेल्या सगळ्या माद्या आहेत, आणि या कुळातल्या खेकड्यांची जात फक्त पूर्ण वाढलेल्या नरावरून ठरवता येते.

ते पत्र मी कितीतरी वेळा वाचलं. माझा सगळा अभ्यास माद्यांचा. नर पाठवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि हे ठाऊक असायला हवं होतं. तिकडच्या एखाद्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ते ठाऊक असेल, कारण त्याच्याशी बोलणारं कोणीतरी तिथे असतं. मी विचारणार कोणाला? सरांचा विषय मासे होता.

मी नर पाठवले. ते उथळ बिळांतले होते, कारण खोल बिळांत नर सापडतच नाही. तज्ज्ञांनी जात सांगितली. मी दुरुस्त केलेला लेख पुन्हा पाठवला आणि पुन्हा सहा महिने वाट पाहिली. आता दुसऱ्या परीक्षकाने एकच प्रश्न विचारला होता. उथळ बिळांतल्या नरांची जात कळली, पण खोल बिळांतल्या माद्या त्याच जातीच्या आहेत कशावरून? त्या जर वेगळ्याच जातीच्या असतील, तर खोल बीळ हा आईपणाचा गुण नसून जातीचा गुण ठरेल आणि लेखाचा निष्कर्षच उभा राहणार नाही. तेव्हा त्याच जागी आणखी एक उन्हाळा काढावा, खोल बिळांतली पिलं वाढवावीत, त्यातला नर तयार झाला की तपासून घ्यावा.

प्रश्न बरोबर होता. मला त्याचाच जास्त त्रास झाला. त्या माणसाने वाकड्यात शिरून विचारलं असतं तर मी त्याच्यावर रागावून मोकळी झाले असते. त्याने माझा लेख लक्ष देऊन वाचला होता, इतका लक्ष देऊन तोपर्यंत कोणीच वाचला नव्हता.

मी आईला निरोप धाडला की या चैत्रात पुन्हा येते. भावाचं उत्तर आलं, येऊन काही उपयोग नाही. कारखान्यासाठी जमीन गेली होती. कागदांवर सह्या आधीच झाल्या होत्या, मला कळवण्यासारखं त्यात काही आहे असं कोणाला वाटलं नव्हतं. तरी मी गेले. मावशींना बरोबर घेतलं. बांध कुठे होता हे मला ओळखता येईना. सगळीकडे लाल मुरूम टाकून रोलर फिरवलेला. मावशी मात्र चालत जाऊन एका जागी उभ्या राहिल्या.

"हितं तुज्या बाचा बांध," त्या म्हणाल्या. "हितून तितवर बाळंतिनी व्हत्या."

मी वही घेऊन आले होते. वहीत लिहायला काहीच नव्हतं. मावशींनी पहारीच्या टोकाने मुरमावर ठोकून पाहिलं, मग ती खांद्यावर टाकली.

दुसरी जागा शोधली. पळसदरीच्या धरणाच्या खालच्या अंगाला एका ओळखीच्यांची शेती होती. मावशी कर्जतला येऊन आमच्याकडे राहिल्या आणि आम्ही दोघी रोज सकाळी जायचो. त्या शेतात नव्या बियाण्याचा भात लावलेला असायचा आणि रोगावर पावडर मारलेली. बांधांत बिळं होती, पण जुनी, कोसळलेली. मावशी वाकून माती बघायच्या आणि पुढे जायच्या. "नाय. ह्यात नाय. ह्यात पन नाय." दोन आठवड्यांत आम्हाला पिलंवाली एकच मादी सापडली.

तिला घरी माठात ठेवलं. तळाशी बांधाचीच माती, वर ओलं फडकं. पती शाळेतून आले की फडकं भिजवायचे, कारण मला कॉलेजातून यायला उशीर व्हायचा. पाचव्या दिवशी तिने पिलं सोडली. वाटाण्याएवढी, पण बारीकसारीक सगळं असलेली. ती मी परातीत घेतली, भाताची शितं घातली, गांडुळांचे तुकडे घातले. रोज काही मरायची. कशाने मरतात ते मला कळत नव्हतं. नळाच्या पाण्यातल्या औषधाने असेल म्हणून नदीचं पाणी आणलं. तरी मरत राहिली. मे संपायच्या आत शेवटचं पिलू गेलं. मादी त्याच्या आधीच गेली होती. पतींनी माठ मागच्या बाजूला नेऊन रिकामा केला आणि धुऊन पालथा घातला. मी तेव्हा पेपर तपासत बसले होते. उठले नाही.

स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सहकारी होते. त्यांचे बरेच लेख छापून आले होते. त्यांना मी सगळं सांगितलं.

"पिलं वाढली म्हणून लिहा," ते म्हणाले. "आधीच्या उन्हाळ्यांचे आकडे घ्या, थोडे इकडेतिकडे करा. नर तर तुमच्याकडे आहेतच, त्यातलाच एक पाठवा. तिकडून कोण बघायला येतोय कर्जतला?"

"आणि जात वेगळी असली तर?"

"ती वेगळी नाही, हे तुम्हाला माहीत आहे ना? मग खोटं काय त्यात?"

मला माहीत होतं, हे खरंच. मावशींनाही माहीत होतं. त्या रविवारी दुपारी मी बसून पाचव्या उन्हाळ्याचा तक्ता लिहिला. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार सोपं गेलं. पिलं कितव्या दिवशी कात टाकतात, किती वाढतात, सगळं हातातून उतरत गेलं. खऱ्या चार तक्त्यांपेक्षा तो जास्त नीटनेटका दिसत होता. पतींनी तो उचलून वाचला.

"ही कुठल्या बिळातली?"

"कुठल्याच नाही."

त्यांनी कागद होता तिथे ठेवला. मी तो तक्ता पाठवला नाही. याचं श्रेय मी प्रामाणिकपणाला देत नाही. मला भीती वाटली. त्या परीक्षकाने पुन्हा एखादा बरोबर प्रश्न विचारला तर मी काय सांगणार होते? आणि आमच्यातून शिकून वर आलेली बाई खोटं लिहिते असं एकदा झालं, की ते माझ्या एकटीपुरतं राहिलं नसतं. त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना ती काळजी नव्हती.

मी खरं लिहिलं. ती जागा आता नाही, दुसरीकडे खेकडे सापडत नाहीत, सापडली ती पिलं जगली नाहीत. चार उन्हाळ्यांची नोंद आहे तशी छापता येईल का? संपादकांचं उत्तर या वेळी लवकर आलं. निरीक्षणं मोलाची आहेत, पण जागाच उरली नसल्याने निष्कर्ष पडताळता येणार नाही, तेव्हा दिलगीर आहोत. एखाद्या स्थानिक नियतकालिकाने ते छापणं अधिक योग्य ठरेल.

सर तोवर निवृत्त झाले होते. नव्या मार्गदर्शकांना विषयात रस नव्हता. मी लेख देशातल्याच एका नियतकालिकाला पाठवला. दोन वर्षं पोच आली नाही. मग एका परिचिताकडून कळलं की ते बंदच पडलंय. पीएच.डी.ची मुदत त्याच सुमारास संपली. वाढवून मिळाली असती, पण अर्जात प्रगती काय झाली ते लिहायचं होतं.

मावशींची वाडी हळूहळू वीटभट्ट्यांकडे पांगली. शेवटच्या खेपेला भेटल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "छापलं का गं बाय, आपलं?" त्या 'आपलं' म्हणाल्या. मी म्हटलं, अजून नाही, वेळ लागतो. त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. त्यानंतर त्या कुठे गेल्या ते मला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी शोधही केला नाही.

ऐंशी सालानंतर वरच्या जागेसाठी माझी मुलाखत झाली. पाच जण बसले होते. एकाने माझा अर्ज चाळून विचारलं, "परदेशी जर्नलमध्ये काही?"

"नाही."

"देशी?"

"नाही."

"मग इतकी वर्षं काम कशावर केलंत?"

मी सांगायला सुरुवात केली. मादी, ओल, मातीने लिंपलेलं तोंड. मधल्या गृहस्थांना ते आवडलं असावं, कारण ते पुढे झुकून ऐकत होते. "हे फार छान आहे," ते म्हणाले. "पण हे छापायला हवं होतं तुम्ही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग त्यांनी पुढच्या उमेदवाराला आत पाठवायला सांगितलं.

घरी पोचले तेव्हा पतींनी भात लावला होता. काय विचारलं, म्हणाले. मी सांगितलं, मुठ्यांचं विचारलं. त्यांनी ताटं घेतली. आम्ही जेवलो. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला प्रॅक्टिकल होतं, झुरळाच्या पचनसंस्थेचं. तीस मुलं होती आणि झुरळं बारा. दोघा-दोघांत एक दिलं, उरलेल्यांना फळ्यावर आकृती काढून दाखवली.